उत्खननावर तांत्रिक सहायक म्हणून जाण्यापूर्वी काय शिकावे?

कृष्णाकाठ (कराड)
नमस्कार. डेक्कन कॉलेजमधून पुरातत्त्वशास्त्रात एम. ए. करून मी कराडला परतलो आहे. सरकारी भरतीची जाहिरात क्वचितच निघते. प्रकल्पांवरील सहायकांच्या जागा हंगामापुरत्या असतात आणि तिथे पहिला प्रश्न ‘प्रत्यक्ष काम काय केले?’ हाच असतो. विद्यार्थी म्हणून केलेल्या उत्खननापलीकडे दाखवण्यासारखे माझ्याजवळ फारसे नाही. पावसाळाभर घरी राहून काय शिकता येईल? एक मित्र ड्रोनचा महागडा अभ्यासक्रम सुचवत आहे.

खापरखुणा (सांगली)
ड्रोनची घाई करू नये. एकदा खणलेला थर पुन्हा खणता येत नाही. त्यामुळे सहायकाची खरी परीक्षा कुदळीपेक्षा नोंदवहीत होते, आणि नवोदितांचे अर्ज वाचताना मी स्वतः तेच पाहतो. पहिल्यांदा लेव्हल घेणे, म्हणजे दुर्बिणीच्या यंत्राने आणि उभ्या मोजपट्टीने जागेची उंची काढणे, पक्के करावे. संदर्भबिंदूची, म्हणजे उंची आधीच ठाऊक असलेल्या खुणेची, उंची ६०० मीटर आणि त्यावर धरलेल्या पट्टीचे वाचन १.२५० असेल, तर यंत्राची दृष्टिरेषा ६०१.२५० मीटरवर येते. त्यानंतर चरातील एखाद्या फरशीवर वाचन २.०८५ आले, तर ती फरशी ५९९.१६५ मीटरवर आहे. हे गणित शाळकरी वाटते, पण भर उन्हात, मजूर थांबलेले असताना, ते न चुकता करणारी माणसे कमी आहेत. टोटल स्टेशन हे मोजणीचे इलेक्ट्रॉनिक यंत्र हाच हिशेब आपोआप करते, मात्र संदर्भबिंदू चुकीचा भरला तर तितक्याच तत्परतेने सगळा हंगाम चुकवते.

दुसरे काम खापरांचे. धुतलेली खापरे सावलीत वाळवणे, आतल्या बाजूस बारीक अक्षरात स्थळ, चर आणि थर लिहिणे, आणि काठाच्या तुकड्यावरून भांड्याचा व्यास काढून त्याचा छेद रेखाटणे, हे घरच्या फुटक्या माठावरही शिकता येते. आतून अन्नाचा थर चिकटलेले खापर मात्र धुवायचे नसते, आणि कालमापनासाठीचा कोळसा हाताने उचलायचा नसतो. इतके सांगता आले तरी मुलाखत घेणाऱ्याला उमेदवार कामाचा आहे हे कळते.

माणदेशी (दहिवडी)
वरील मताशी बहुतांशी सहमत आहे. परंतु संगणकाला मागे ठेवणे आता परवडणारे नाही. क्यूजीआयएस ही नकाशे करण्याची संगणक प्रणाली मोफत आहे, आणि हाताने काढलेला नकाशा त्यात नीट बसवता येणाऱ्याला प्रकल्पात कामाची कमतरता पडत नाही. सातारा जिल्ह्यात राहताच आहात, तर मोडी लिपीही शिकून घ्यावी. पुढे संग्रहालयात किंवा दफ्तरखान्यात काम करायचे ठरवल्यास तिचा उपयोग होईल. केंद्रीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ग्रेटर नोएडा येथील संस्थेत दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका आहे, तिचाही विचार करावा.

कृष्णाकाठ
दोघांचेही आभार. प्रत्यक्ष कामाचा नमुना म्हणून कराडजवळच्या आगाशिवच्या लेण्यांची मोजमापे घ्यावीत का?

खापरखुणा
लेण्यांपासून सुरुवात करू नये. संरक्षित स्मारकावर अवजारे लावून काम करायचे तर परवानगी लागते, आणि तिथे आधीच पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यापेक्षा आपल्याच तालुक्यातील पाच-सहा गावांतील वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड, घ्यावेत. ग्रामपंचायतीला आणि देवळाच्या पुजाऱ्यांना सांगून जावे. दगड हलवू नये, तसेच कोरीव काम उठून दिसावे म्हणून त्यावर खडू किंवा तेल लावू नये. सकाळच्या तिरप्या उन्हात, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घेतले की खालच्या चौकटीतील लढाई, मधल्या चौकटीतील वीराला नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या चौकटीतील शिवलिंगाची पूजा पुरेशी स्पष्ट दिसते. मोबाइलवरील स्थाननिश्चितीत काही मीटरची चूक असते. चरात ती चालणार नाही, वीरगळांच्या नकाशाला चालते. प्रत्येक दगडाची लांबी, रुंदी, जाडी, चौकटींची संख्या, सध्याची स्थिती आणि तो मूळ जागी आहे की नंतर देवळापाशी आणून ठेवला आहे, हे एकाच नमुन्यात भरावे. शेवटची नोंद गावातील वयस्कर माणसांना विचारूनच मिळते, आणि बहुतेक जण नेमकी तीच गाळतात.