संग्रहालयातील कार्यक्रम : आधी गर्दी की आधी वस्तू?

तेरणाकाठ (धागा लेखक)
परवा येथे एका सदस्याने लिहिले होते की, मराठवाड्यातील संग्रहालयांकडे कोणी फिरकत नाही, म्हणून त्यांच्या आवारात दर महिन्याला गाण्यांची मैफल, खाद्यजत्रा आणि वेशभूषा स्पर्धा भरवाव्यात. एकदा गर्दी होऊ लागली की बाकीचे आपोआप मार्गी लागेल. या मताला दोन ओळींत उत्तर देणे मला जमले नाही.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावचे संग्रहालय घ्या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवर सापडणाऱ्या वस्तू चिकाटीने जमवल्या नसत्या, तर ते उभेच राहिले नसते. त्यात मणी आहेत, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आहेत, केओलिनच्या पांढऱ्या मातीच्या पोकळ मूर्ती आहेत आणि इटलीतील प्राचीन रोमन शहर पॉम्पेई येथे १९३८ साली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी नाते सांगणारी हस्तिदंती स्त्रीमूर्तीही आहे. पांढऱ्या मातीच्या त्या मूर्ती दोन साच्यांत घडवून जोडलेल्या आहेत. मुलांच्या हाती साच्याची दोन अर्धुके आणि मातीचा गोळा द्यावा, त्यांच्याकडून मूर्ती जोडून घ्यावी आणि मग कपाटापाशी नेऊन जुन्या कारागिराने सांधा कसा लपवला ते शोधायला सांगावे. माझ्या दृष्टीने कार्यक्रम तो हा. तो वस्तूपासून सुरू होतो आणि वस्तूपाशीच येऊन थांबतो. अंगणात मांडव घालून भरवलेली खाद्यजत्रा कोणत्याही मंगल कार्यालयात होऊ शकते; त्यासाठी संग्रहालय कशाला हवे? एका संग्रहालयात मी ध्वनिक्षेपकाच्या दणक्याने कपाटांच्या काचा थरथरताना पाहिल्या आहेत. आत दोन हजार वर्षांपूर्वीची भाजलेली माती ठेवलेली असताना हे चालू देणे मला अक्षम्य वाटते.

मोंढा नाका
ती सूचना माझीच होती, म्हणून उत्तर देणे भाग आहे. साच्याचा उपक्रम चांगला आहे, पण तो करायला मुले आधी दारापर्यंत यायला हवीत ना? ज्या बाईने आयुष्यात कधी संग्रहालयाची पायरी चढलेली नाही, तिला ‘सातवाहनकालीन मृण्मय कला’ असा फलक लावून बोलावले तर ती येणार नाही. रांगोळी स्पर्धेला मात्र येईल. माझी वहिनी अशीच रांगोळीच्या निमित्ताने गेली आणि जुन्या नाण्यांच्या कपाटापुढे मुलीला घेऊन बराच वेळ उभी राहिली. आज ती मुलगी इतिहास घेऊन शिकते आहे. आपल्यासारख्या जाणकारांना शांतता हवी असते हे मी समजू शकतो, परंतु ओस पडलेल्या इमारतीला ना कर्मचारी मिळतात ना दुरुस्तीचा निधी.

निवृत्त शिक्षक, कळंब
आपण दोघेही वेळापत्रकाबद्दल काहीच बोलत नाही. आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन १८ मे रोजी असतो. तेव्हा आमच्याकडे शाळांना सुट्ट्या असतात, ऊन चाळिशीपार गेलेले असते आणि अर्धे गाव लग्नसराईत अडकलेले असते. त्या दिवशीच्या व्याख्यानाला कोण येणार? त्यापेक्षा १९ ते २५ नोव्हेंबरचा जागतिक वारसा सप्ताह आपल्या हवेला मानवतो, तोही दिवाळीची सुट्टी संपली असेल तर. आणि सहलींचे म्हणाल तर मुले रांगेत आत जातात, ‘हात लावू नका’ एवढेच ऐकतात आणि बाहेर येऊन डबे उघडतात. मी वर्षानुवर्षे अशा सहली नेल्या आहेत. प्रत्येक मुलाने एकच वस्तू निवडून तिचे चित्र काढायचे, एवढा नियम केला तेव्हा प्रथमच मुलांनी मला प्रश्न विचारले. त्याला मांडव लागला नाही आणि साचेही लागले नाहीत.

जुने गावठाण
आपण सारे कपाटांतील वस्तूंबद्दल बोलत आहात. आमचे गाव १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपानंतर नव्या जागी वसले. घरे उभी राहिली, पण वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड, जुन्या वेशीपाशी बाभळींत तसेच राहिले. एका वीरगळावर खालच्या पट्टीत लढाई आहे, मधल्या पट्टीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा आहेत आणि वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आहे. त्याच्या डोक्यावर सूर्य-चंद्र आहेत. शेजारच्या, सती गेलेल्या स्त्रीच्या स्मरणार्थ उभारलेल्या सतीशिळेवर बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात अजून स्पष्ट दिसतो. कोणत्या संग्रहालयाने आमच्या गावापर्यंत येऊन एक कार्यक्रम केला?

मोंढा नाका
मग ते दगड संग्रहालयात का देत नाही? गावोगावी शेंदराचे थर चढवून, त्यावर तेल ओतून आपल्याच लोकांनी कोरीव काम बुजवले आहे. आस्थेच्या नावाखाली शिल्पांची माती होऊ द्यायची आणि दोष संग्रहालयाला द्यायचा, हे बरोबर नाही.

जुने गावठाण
शब्द जपून वापरावेत. ज्या शेंदराला आपण नावे ठेवता, त्याच शेंदरामुळे ते दगड कोणी पायरीला लावले नाहीत आणि गाडीत घालून पळवलेही नाहीत. घरे गेली, माणसे गेली, तरी आमची म्हातारी माणसे अमावास्येला तेथे जाऊन नारळ फोडत होती. तो दगड उचलून शहरातील अंगणात क्रमांक घालून ठेवला तर तो कोणाचा राहील?

मोंढा नाका
तो सुरक्षित राहील. बाभळींत पडलेला दगड उद्या दिसेल याची हमी आपण देऊ शकता का?

इतिहासाची विद्यार्थिनी
भांडण वाढण्यापूर्वी एक मुद्दा मांडते. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने शिल्प हा पुरावशेष ठरतो, मग ते कपाटात असो वा पारावर. म्हणून उचलायचे की ठेवायचे याआधी नोंद व्हायला हवी. छायाचित्र, मापे, गावाचे नाव, नेमकी जागा आणि गावकरी त्याला काय म्हणून ओळखतात, एवढे टिपले तरी चोरीनंतर तक्रार करण्यास आधार राहतो. मी महाविद्यालयाच्या शिबिरात असे काम केले आहे. आम्ही नुसते मोजमाप करत होतो तोवर लोक संशयाने पाहत राहिले. एका आजींना शिळेवरचा हात कोणाचा म्हणून विचारले, तेव्हा त्यांनी सगळ्या आळीला बोलावून आणले. संग्रहालयाने वारसा सप्ताहात आसपासच्या गावांतील शिल्पांची नोंद शाळांकडून करून घ्यावी आणि तिची प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी.

निवृत्त शिक्षक, कळंब
शाळांकडून, म्हणजे पुन्हा शिक्षकांकडून. जनगणना आम्ही, निवडणूक आम्ही, आता वीरगळही आम्हीच. काम योग्य आहे हे मान्य करतो, पण त्याची जबाबदारी संग्रहालयाच्या अधिकाऱ्यावर लेखी टाका. आम्ही मुले घेऊन येऊ.

तेरणाकाठ
चर्चा वीरगळांकडे वळली याचे मला वाईट वाटत नाही, कारण तेथेही वस्तूपासूनच सुरुवात होते. ‘जुने गावठाण’ यांचे वीरगळ जागेवरच राहावेत या मताचा मी आहे. गर्दीच्या मुद्द्यावर मात्र मी एवढेच मानेन की, जी गर्दी गावात आधीच येते तिच्याकडे पाठ फिरवणे चुकीचे आहे. चैत्र वद्य त्रयोदशीला गोरोबाकाकांच्या पुण्यतिथीला तेरला यात्रा भरते. ज्या गावाचा संत कुंभार, त्याच गावच्या संग्रहालयात मातीची भांडी आणि मूर्ती मांडलेल्या आहेत. त्या दिवशी दाराशी चाक मांडावे, गावातल्या कुंभाराला मानधन देऊन बसवावे आणि वारकऱ्यांना छोट्या गटांनी आत न्यावे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरच्या तगर नगरातून गाड्या भरभरून कापड भडोच बंदराला जात असे, हे ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक व्यापारवर्णनात नोंदले आहे; ते तगर म्हणजे आपण उभे आहोत तेच गाव, हे त्यांना तेथेच सांगावे.

मोंढा नाका
म्हणजे शेवटी दाराशी काहीतरी मांडावेच लागले. ध्वनिक्षेपक नको हे मी मान्य करतो. हस्तिदंताला आणि मातीला जपलेच पाहिजे. पण चैत्राच्या उन्हात माणसे बाहेर रांगेत उभी राहणार असतील तर सावलीसाठी मांडव आणि पिण्याचे पाणी लागेलच, आणि त्यावर माझे मत बदलणार नाही. शिवाय यात्रेचा दिवस साप्ताहिक सुट्टीच्या वारी आला तरी दार उघडे राहील, असा लेखी आदेश आधी काढून घ्यावा लागेल.