मदत हवी आहे: वस्तीतली हरणं जिवंत पकडून दूर सोडावीत का?

नमस्कार मंडळी,

इथे अमेरिकेत आमच्या वस्तीत आणि लगतच्या रानपट्ट्यात पांढऱ्या शेपटीची हरणं फार वाढली आहेत. उपाय ठरवण्याआधी नगरपरिषदेने रहिवाशांची लेखी मतं मागवली आहेत, आणि आमच्या गटाचं पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. गटातल्या बहुतेकांचं म्हणणं एकच: गोळ्या घालू नका, पिंजरे लावा, जिवंत पकडा आणि लांब जंगलात नेऊन सोडा. माझाही कल तिकडेच आहे. पण पिंजऱ्याचं दार पडल्यानंतर त्या जनावराचं पुढे काय होतं, हे नीट कळल्याशिवाय मला पत्र पाठवायचं नाही. इथे पशुवैद्यक आणि वन्यजीवांवर काम करणारे बरेच जण लिहितात, म्हणून विचारते आहे.

आधी परिस्थिती सांगते. हरणं गाड्यांखाली येऊन मरतात, त्यात माणसंही जखमी होतात. बागांच्या नुकसानीचं मला फारसं वाटत नाही, पण रानाची अवस्था बघवत नाही. हरणाचं तोंड पोचेल तिथपर्यंतचा पाला एका सरळ रेषेत ओरबाडलेला आहे. मोठी झाडं उभी आहेत, पण त्यांच्याखाली एक रोप जगत नाही. रानफुलं गेली, झुडपांत घरटी करणारे पक्षी कमी झाले. लांडगे इथून कधीच संपले, घरं जवळ असल्याने शिकारीला परवानगी नाही, आणि पोटभर चारा मिळाला की मादी दर वर्षी बहुधा जुळी पाडसं देते. सव्वाशे वर्षांपूर्वी बेसुमार शिकारीमुळे अमेरिकेत हीच हरणं जेमतेम काही लाख उरली होती; आज ती ३ कोटींच्या घरात असावीत असा अंदाज आहे. त्यामुळे काहीच करू नका, असं तर मला म्हणता येणार नाही.

पकडायच्या पद्धतींबद्दल थोडं वाचलं आहे. सगळ्यात जास्त उल्लेख 'क्लोव्हर ट्रॅप'चा येतो. लोखंडी चौकटीला चारी बाजूंनी जाळी, आत मका, आणि हरणाचा धक्का दोरीला लागला की दार खाली पडतं. कॅलिफोर्नियातल्या मेल्व्हिन क्लोव्हर यांनी १९५०च्या दशकात तो बनवला. याशिवाय वरून पडणारं मोठं जाळं असतं, ज्यात एका वेळी चार-पाच हरणं सापडू शकतात, आणि भुलीचा बाण मारणारी बंदूक असते.

मला विचारायचं आहे ते हे. पिंजऱ्यात सापडलेलं हरीण किती घाबरतं, आणि त्या भीतीने त्याला इजा होते का? लांब नेऊन सोडलेली हरणं जगतात का? आणि इतकं सगळं करून इथली संख्या खरंच कमी होते का, की रिकाम्या जागेत शेजारची हरणं येतात? कोणी हे काम जवळून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. कडू असलं तरी चालेल.

प्रतिसाद १

ताई, मी पशुवैद्य आहे. वन्य खुरी प्राणी पकडण्याच्या कामात अनेक हंगाम सहभागी होतो, तेव्हा पहिल्या प्रश्नावर लिहितो.

हरीण पळून वाचणारा प्राणी आहे. पळता येत नाही हे कळलं की ते जाळीवर धडका देत राहतं. नाक सोलवटतं, दात मोडतात, नराची शिंगं जाळीत अडकतात. पण जखमांपेक्षा मोठी भीती 'कॅप्चर मायोपथी'ची. अति धडपड आणि भीती यांमुळे स्नायूंमध्ये आम्ल साठतं, शरीराचं तापमान चढतं आणि स्नायूंचे तंतू तुटायला लागतात. तुटलेल्या स्नायूंमधलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. हृदयाच्या स्नायूलाही इजा होऊ शकते. यात वाईट गोष्ट अशी की हरीण सोडताना ठणठणीत दिसतं, उड्या मारत जातं, आणि काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनीही, मरतं. तोवर पकडणारी माणसं घरी गेलेली असतात. 'सगळी हरणं सुखरूप सोडली' असं कोणी सांगितलं तर किती दिवसांनंतरची ही गोष्ट आहे, एवढं नक्की विचारा. उपचार जवळजवळ नाहीतच, म्हणून सगळी मेहनत ते होऊ न देण्यावर घ्यावी लागते.

पकडायचं तर कडक हिवाळ्यात. तेव्हा रानात चारा नसतो म्हणून हरीण मक्याला येतं, हवा थंड असल्याने अंग तापत नाही, आणि हिवाळा सरता सरता नरांची शिंगंही गळून पडलेली असतात. उन्हाळ्याच्या तोंडावर तर अजिबात नको, कारण मे-जूनमध्ये पाडसं जन्मतात आणि आई पिंजऱ्यात सापडली तर पाडस गवतात उपाशी पडून राहतं.

क्लोव्हर ट्रॅप चांगल्या हातांत बराच बरा. त्याची चौकट घडी होते, त्यामुळे दोन-तीन जाणती माणसं ती जनावरावर अलगद पाडून त्याला दाबून धरतात आणि लगेच डोळ्यांवर पट्टी बांधतात. पट्टी बांधली की हरीण पुष्कळ शांत होतं. त्याला कुशीवर पाडून ठेवू नये, छातीवर बसतं ठेवावं. रवंथ करणारा प्राणी आहे. आडवा राहिला की पोट फुगतं आणि पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. बोलणं बंद, कुत्री लांब, बघे तर नकोतच. हल्ली दार पडल्याबरोबर इशारा देणारे ट्रान्समीटर मिळतात. ते नसतील तर पिंजऱ्याची पाहणी वारंवार व्हायला हवी. संध्याकाळी लावला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बघितला, असं कंत्राट मी नाकारीन.

भुलीच्या बाणाचं वेगळं आहे. औषध चढायला काही मिनिटं लागतात आणि तेवढ्यात हरीण कुंपणं ओलांडून रस्त्यावर जाऊ शकतं. म्हणून बाणात रेडिओ ट्रान्समीटर बसवतात. शिवाय औषधाचा अंश मांसात राहतो. त्यामुळे अशा हरणाच्या कानात, हे मांस खाऊ नये, असा बिल्ला लावावा लागतो.

प्रतिसाद २

वरचा प्रतिसाद उत्तम आहे. मी दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण लोकांना सगळ्यात जास्त आशा तिथेच असते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या एंजल बेटावरून १९८१ मध्ये दोनशेहून जास्त काळ्या शेपटीची हरणं पकडून मुख्य भूमीवर सोडली होती. लोकांना ती मारलेली नको होती, म्हणूनच. अभ्यासकांनी मागोवा घेतला तेव्हा वर्षभरात सुमारे ८५ टक्के मेल्याचा अंदाज निघाला. मिसुरीत सेंट लुईसच्या उपनगरातून ८० हरणं हलवली, त्याचा अभ्यास २००२ मध्ये छापून आला. हलवलेल्या हरणांपैकी वर्षभर जगली सुमारे ३० टक्के, तर जागेवर राहिलेल्यांपैकी सुमारे ६९ टक्के. मेलेल्यांत शिकारीने गेलेली होती, तशी वर डॉक्टरांनी सांगितलेल्या मायोपथीने गेलेलीही होती. दर हरणामागे खर्च ३८७ डॉलर.

असं का होतं, ते हरणाच्या बाजूने पाहिलं तर कळतं. मादी आपल्या आईच्या आसपास, लहानशा टापूत आयुष्य काढते. पाणी कुठे, आडोसा कुठे, कुत्रा कुठल्या घरात, सगळं तिला ठाऊक असतं. तिला उचलून अनोळखी रानात सोडलं की ती भटकते, नव्याने रस्ते ओलांडते, आणि माणसांची सवय असल्याने पुन्हा एखादी वस्ती शोधते.

आणि सोडणार कुठे? पांढऱ्या शेपटीची हरणं बहुतेक रानांत आधीच भरपूर आहेत. त्यात 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' आहे. हा प्रायॉनमुळे, म्हणजे घडी बिघडलेल्या प्रथिनामुळे, होणारा मेंदूचा आजार १९६७ मध्ये कोलोराडोत बंदिस्त ठेवलेल्या हरणांत पहिल्यांदा दिसला. त्यावर लस नाही, औषध नाही, आणि लक्षणं दिसायला दीड-दोन वर्षं लागू शकतात. तोवर हरीण धडधाकट दिसतं आणि लाळेतून, विष्ठेतून आजार पसरवत राहतं. तो मातीतही वर्षानुवर्षं टिकतो. यामुळे अनेक राज्यांनी जिवंत हरणं हलवण्यावर बंदी घातली आहे किंवा फार कडक अटी लावल्या आहेत. पत्र लिहिण्याआधी तुमच्या राज्याच्या वन्यजीव विभागाचा नियम पाहा. कदाचित हा पर्याय मुळात उपलब्धच नसेल.

प्रतिसाद ३

भारतातलं थोडं. आपल्याकडे चितळांसाठी 'बोमा' वापरतात, आफ्रिकेतून आलेली पद्धत. नरसाळ्यासारखं निमुळतं होत जाणारं आडोशाचं कुंपण, शेवटी थेट गाडी. जनावराला हात लावावा लागत नाही, भूल लागत नाही. मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात चितळं नेली ती याच पद्धतीने. पण त्याला मोकळं रान लागतं, दोन घरांच्या मधल्या पट्टीत ते जमणार नाही. आणि सोडण्याच्या जागेचा वाद आपल्याकडेही आहेच. दिल्लीत हौज खासच्या उद्यानातली चितळं राजस्थानच्या व्याघ्र प्रकल्पांत हलवण्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. ८५ टक्क्यांचा आकडा वाचून फार वाईट वाटलं. आमच्या गटातली माणसं दयेपोटीच हे मागत आहेत, त्यांना हे कळायलाच हवं. मग असं विचारते: पकडायचं, पण हलवायचं नाही. नसबंदी करून तिथेच सोडलं तर? त्याने संख्या कमी होते का?

प्रतिसाद ४

होते, पण सावकाश, आणि फक्त जिथे बाहेरून हरणं येत नाहीत तिथे. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर २०१६ पासून नरांची नसबंदी केली. बेट असल्याने येणं-जाणं कमी, आणि पुढच्या वर्षांत तिथली संख्या घटली. उलट कॉर्नेल विद्यापीठाच्या परिसरात २००७ पासून माद्यांच्या बीजवाहिन्या बांधल्या. पाडसं कमी झाली, माद्याही कमी झाल्या, पण एकूण संख्या काही उतरली नाही. गर्भ राहत नसल्याने माद्या पुन्हा पुन्हा माजावर येत राहिल्या आणि बाहेरचे नर तिकडे ओढले गेले. म्हणून मादीची शस्त्रक्रिया करायचीच तर बीजकोश काढणं जास्त योग्य, म्हणजे माजाचं चक्रच थांबतं.

गर्भ राहू न देणारी लसही आहे. तिचं नाव गोनाकॉन. तिला अमेरिकेत २००९ मध्ये परवानगी मिळाली. पण ती हाताने टोचावी लागते, म्हणजे हरीण पकडणं आलंच. पिंजऱ्याचा खरा उपयोग मला इथे दिसतो: तिथेच काम उरकायचं, कानात बिल्ला लावायचा, आणि तिच्याच रानात सोडून द्यायचं. प्रवास नाही, अनोळखी जागा नाही. मात्र हे लक्षात घ्या की नसबंदी झालेलं हरीण पुढे अनेक वर्षं जगतं आणि खातं. रान लवकर सावरायला हवं असेल तर नुसत्या नसबंदीने भागणार नाही. बऱ्याच ठिकाणी आधी गोळीने संख्या उतरवून मग नसबंदीने ती खाली ठेवतात. हे तुमच्या गटाला आवडणार नाही, पण त्यांच्यापासून लपवू नये असं मला वाटतं.

धागाकर्ती

नाही लपवणार. दूर नेऊन सोडण्याची मागणी मी पत्रातून काढते आहे आणि कारणं गटाला आकड्यांसकट सांगणार आहे. त्याऐवजी मागणी अशी लिहिते आहे: पकडणं फक्त हिवाळ्यात, प्रत्येक पिंजऱ्याला इशारा देणारा ट्रान्समीटर, जागेवर पशुवैद्य, माद्यांचे बीजकोश काढून तिथेच सोडणं, आणि सोडल्यानंतर निदान महिनाभर काही हरणांवर रेडिओ पट्ट्यांनी लक्ष. गोळीच्या मुद्द्यावर गटात मतदान घेईन.

आता एकच अडलं आहे. आमची वस्ती बेट नाही, पण एका बाजूला रुंद नदी आणि दुसऱ्या बाजूला कुंपण घातलेला महामार्ग आहे. एवढ्याने बाहेरून येणारी हरणं कितपत थांबतात? आणि काम सुरू होण्याआधी हरणांची मोजणी कशी करायला सांगावी: स्वयंचलित कॅमेरे लावून, की रात्री ड्रोनवरच्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने? मोजणीच्या कामाचा अनुभव असलेल्या कोणी लिहिलं तर फार मदत होईल.