बोलीतल्या कादंबऱ्या: वर्षभरात कोणत्या आवडल्या, आणि आधी कोणती हातात घ्यावी?

पानखूण:
गेल्या वर्षभरात वाचलेल्यांपैकी आवडत्या कादंबऱ्या सांगा, पण फक्त बोलीभाषेतल्या. वाचनगटासाठी चार निवडायच्या आहेत. सगळे पुण्या-मुंबईचे, प्रमाण मराठीवर वाढलेले. सुरुवात 'धग'ने केली आणि निम्मे लोक चाळिसाव्या पानाच्या आसपास थांबले. अर्थ लागत नाही म्हणतात. क्रम चुकला का?

कोळपं:
क्रम चुकलाच. पुस्तकात बोली किती आहे यापेक्षा ती कुठे आहे ते बघा. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (1955) गोष्ट सांगणारा मास्तर आहे, त्यामुळे निवेदन प्रमाण भाषेत आणि माणदेशी फक्त लोकांच्या तोंडी. पान सोपं जातं. उद्धव शेळक्यांची 'धग' (1960) रचनेने तशीच, पण तिच्यात संवाद फार आणि ते अस्सल वऱ्हाडी. रा. रं. बोराड्यांच्या 'पाचोळा'त (1971) शिंप्याची बायको स्वतःच सगळं सांगते, म्हणजे पहिल्या ओळीपासून मराठवाडी बोली, मध्ये विसावा नाही. 'रिंगाण' शेवटी. कृष्णात खोतांची पन्हाळ्याकडची भाषा अवतरणचिन्हांत मावत नाही, माणूस मनात बोलतो तेही तिच्यातच. 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार हिलाच.

वर्षातली आवडती विचाराल तर 'रिंगाण'च. धरणामुळे गाव उठलं, म्हैस मागे राहिली, तिला आणायला माणूस परत जातो. एवढ्यावर अख्खी कादंबरी तोललीय.

दुपारचा_चहा:
क्रम ठीक आहे, पण 'धग' सोडू नका हो. वऱ्हाडीचे चार-पाच नियम कळले की कोशाचं निम्मं काम संपतं.

'ला'च्या जागी 'ले': मले, तुले, घराले. 'ळ'चा 'य': डोया, काया, फय. शब्दाच्या सुरुवातीच्या 'वि'चा 'इ': इहीर, इचार. 'इहीर' कोशात शोधत बसलात तर दिवस जाईल, मोठ्याने म्हणा, लगेच विहीर दिसेल. 'काहून' म्हणजे का. हाक मारताना पुरुषाला 'गा', बाईला 'वं'.

सगळ्यात जास्त घात करतं ते 'राहणे'. 'तो जेऊन राह्यला' म्हणजे तो आत्ता जेवतोय. प्रमाण मराठीच्या सवयीने 'जेवून मग थांबला' असं वाचलं की चालू असलेली गोष्ट संपलेली वाटते आणि पुढचा संवाद अधांतरी लटकतो. 'अर्थ लागत नाही' या तक्रारीत मोठा वाटा याचाच असतो.

आणखी एक. विनोदी कार्यक्रमांनी वऱ्हाडीला हसण्याची सवय लावून ठेवलीय. 'धग'ची नायिका कौतिक नवऱ्याला बोलते तिथे हसू आलं तर दोष कानाचा आहे. गटात पहिली वीस पानं विदर्भातल्या कुणाकडून मोठ्याने वाचून घ्या, सूर सापडतो.

मधली_आळी:
कोश लागलाच तर दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश. त्यात शब्दापुढे प्रांताची खूण असते: (व.) वऱ्हाडी, (ना.) नागपुरी, (खा.) खानदेशी, (गो.) गोव्याकडचा. शिकागो विद्यापीठाच्या कोशस्थळावर फुकट शोधता येतो. शब्द मिळाला नाही तर आधी वरचे ध्वनिनियम उलटे लावा, मग पुन्हा शोधा.

पण वाचता वाचता प्रत्येक शब्द शोधू नका. पानाला दोन, बस. जो शब्द तिसऱ्यांदा आडवा येतो तोच महत्त्वाचा.

माझ्या यादीत सदानंद देशमुखांची 'बारोमास' (2002) घाला. बुलढाण्याकडची शेती, शिकून बेकार राहिलेला एकनाथ. तिकडच्या शेतीच्या कादंबरीत बोलीपेक्षा अवजारं अडवतात. ढोबळ मानाने: वखर म्हणजे आपल्याकडचा कुळव (पेरणीआधी जमीन भुसभुशीत करायला), डवरा म्हणजे कोळपं (पिकाच्या ओळींमधलं तण काढायला), तिफण म्हणजे तीन दात्यांची पाभर (पेरायला).

कोळपं:
'बारोमास'ला अनुमोदन, फक्त 'धग'ला लागून नको. दोन्ही वऱ्हाडच्या, दोन्ही घरं खचत जाणारी, गट कंटाळेल. आणि 'धग'नंतर लगेच 'पाचोळा' घेतलीत तर एक मजा बघा: दोन्ही घरं शिंप्यांची, पण एक वऱ्हाडात, एक मराठवाड्यात, आणि गोष्ट सांगण्याची रीत पूर्ण वेगळी. चर्चेला आयता विषय.

पानखूण:
मग क्रम असा: बनगरवाडी, धग (पुन्हा, मोठ्याने), पाचोळा, रिंगाण. बारोमास पुढच्या फेरीत. वऱ्हाडी शेतीचे शब्द शोधताना तिफणीबरोबर 'सरतं' सापडलं, ते काय असतं?

मधली_आळी:
पेरताना तिफणीच्या मागे दोरीने बांधून ओढली जाणारी सुटी नळी. वर बी टाकायला वाटीसारखं चाडं असतं. तिफणीतून मुख्य पीक पडतं, ठरावीक ओळींत सरत्यातून आंतरपीक, म्हणजे ज्वारीत तूर. सरतं धरून चालणारी बहुतेकदा बाई. मुठीतून बी एकसारखं सुटलं नाही तर तुरीच्या ओळीत खाडे पडतात, आणि ते उगवल्यावरच कळतं.