सीमा न ओलांडलेल्या विस्थापितांना संरक्षण कोण देणार?

प्रश्न:
एप्रिल २०२३ मध्ये सुदानचे लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले आणि लाखो कुटुंबांना घरदार सोडावे लागले. त्यांतील बहुसंख्य लोक देशातच आहेत. चाडमध्ये पोहोचलेल्या माणसाला निर्वासित म्हणून संरक्षण मिळते, मग त्याच गावातून निघालेल्या पण सीमेअलीकडेच राहिलेल्या त्याच्या भावाला ते का मिळू नये?

प्रतिसाद १:
१९५१ च्या निर्वासितविषयक करारातील व्याख्याच स्वदेशाबाहेर असलेल्या व्यक्तीपुरती आहे. देशांतर्गत विस्थापितांची जबाबदारी त्यांच्याच सरकारवर राहते, आणि ते सरकार पुष्कळदा स्वतःच युद्धातील एक पक्ष असते. संयुक्त राष्ट्रांची १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वे मोलाची असली तरी बंधनकारक नाहीत. आफ्रिकी संघाने २००९ मध्ये स्वीकारलेला कंपाला करार बंधनकारक आहे, परंतु तो मान्य करणाऱ्या देशांपुरताच.

प्रतिसाद २:
रोजचे हाल कागदपत्रांपासून सुरू होतात. अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेल्या कुटुंबाजवळ ओळखपत्र, मुलांचे जन्मदाखले, घराचे कागद यांतील काहीच नसते. दुय्यम प्रत मागितली की मूळ गावच्या कार्यालयात अर्ज करा असे सांगितले जाते, आणि त्या गावाच्या वाटेवर तर गोळीबार चालू असतो. नवरा बेपत्ता असलेल्या बाईची अवस्था आणखी बिकट होते, कारण घर, जमीन, शिधा सारे त्याच्याच नावावर असते. वर उल्लेखलेल्या तत्त्वांपैकी विसावे तत्त्व नेमके याविषयी आहे: कागदपत्रे देताना मूळ ठिकाणी परतण्यासारखी अवाजवी अट घालू नये आणि स्त्रियांना ती स्वतःच्या नावाने मिळावीत, असे ते सांगते. ते किती ठिकाणी पाळले जाते, हा विचार मला अस्वस्थ करतो.

शिवाय एकदा पळून सुटका होतेच असे नाही. खार्तुममधून निघालेल्या अनेकांनी वाद मदनी शहरात, तिथल्या शाळांच्या वर्गांत आसरा घेतला होता. डिसेंबर २०२३ मध्ये ते शहरही निमलष्करी दलाच्या ताब्यात गेल्यावर त्यांना पुन्हा चंबूगबाळे आवरावे लागले.

प्रतिसाद ३:
कोलंबियाचा अनुभव येथे उपयोगी पडेल. तेथे विस्थापितांसाठी १९९७ मध्येच कायदा झाला, तरी त्यांची परिस्थिती राज्यघटनेशी विसंगत असल्याचे घटना न्यायालयाला २००४ मध्ये जाहीर करावे लागले. पुढे २०११ च्या कायद्याने बळकावलेल्या जमिनी परत देण्याची तरतूद केली, आणि त्यात दावेदाराने प्राथमिक पुरावा दिल्यावर उरलेला पुराव्याचा भार विरुद्ध पक्षावर टाकला. कागद हरवलेल्या शेतकऱ्याला एवढाच आधार असतो. तरीही जमीन परत मागणाऱ्या काही पुढाऱ्यांचे खून झाले, त्यामुळे अशा कायद्याबरोबर दावेदारांच्या जिवाचे रक्षण करण्याची तजवीजही सरकारने करायला हवी.