भारतीय स्त्रियांना मताधिकार खरोखर न मागता मिळाला का?

वाचनवेडी (प्रश्न)
आमच्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळात पुढच्या महिन्यात मला स्त्रियांच्या मताधिकारावर बोलायचे आहे. तयारी करताना एक विधान वारंवार समोर येते. ब्रिटनमधल्या स्त्रियांनी तुरुंगवास आणि उपोषणे सोसली, तेव्हा कुठे १९१८ मध्ये तीस वर्षांवरील काही जणींना आणि १९२८ मध्ये सर्वांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळाले. भारतात मात्र राज्यघटनेने ते आयते दिले, असे सांगितले जाते. मला हे पटत नाही, पण खोडून काढण्याइतकी माहिती हाताशी नाही. शिवाय मताधिकारामुळे समाजात नेमके काय बदलले, हेही समजून घ्यायचे आहे. ‘स्त्रिया सक्षम झाल्या’ एवढे मोघम उत्तर मला पुरणार नाही.

दप्तरदार
तुमची शंका रास्त आहे. राज्यघटना लागू होण्याच्या बत्तीस वर्षे आधी, १८ डिसेंबर १९१७ रोजी, सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ मद्रासमध्ये ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटले आणि पुरुषांना ज्या अटींवर मत मिळेल त्याच अटींवर स्त्रियांनाही मिळावे, अशी मागणी त्याने केली. काँग्रेसने १९१८ च्या मुंबईतील विशेष अधिवेशनात या मागणीला पाठिंबा दिला. तरीही मताधिकाराचे नियम ठरवण्यासाठी नेमलेल्या साउथबरो समितीने पडदापद्धती आणि समाजाची सनातनी वृत्ती यांकडे बोट दाखवून ती फेटाळली.

यानंतरचा प्रसंग मुंबईचा आहे आणि तो तुम्ही अवश्य सांगावा. हेराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन १९१९ मध्ये लंडनला गेल्या, संसदेच्या संयुक्त समितीपुढे त्यांनी आपली बाजू मांडली, सभा घेतल्या, खासदारांच्या भेटी घेतल्या. १९१९ च्या भारत सरकार कायद्यात थेट हक्क आला नाही, पण प्रांतिक विधिमंडळाने ठराव केल्यास स्त्रियांवरील बंदी उठवता येईल, एवढी फट त्यात राहिली. त्या फटीतूनच १९२१ मध्ये आधी मद्रास आणि मग मुंबई प्रांताने स्त्रियांना मत दिले. मुंबई इलाख्यात या प्रयत्नांत रमाबाई रानडे अग्रभागी होत्या. मिठन टाटा पुढे बॅरिस्टर होऊन मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागल्या. इतके सगळे घडल्यावर ‘न मागता मिळाले’ असे म्हणणे हा या स्त्रियांवर उघड अन्याय आहे.

कायद्याची विद्यार्थिनी
वरील माहितीला एक महत्त्वाची पुस्ती जोडते. १९२१ चा हक्क मालमत्तेच्या अटीला बांधलेला होता आणि मालमत्ता स्त्रियांच्या नावावर फारशी नसेच, त्यामुळे प्रत्यक्षात फारच थोड्या जणींना मत देता आले. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने ही संख्या सुमारे ६० लाखांवर नेली, पण त्यातील बहुसंख्य स्त्रिया मालमत्ताधारक पुरुषाची पत्नी किंवा विधवा म्हणून मतदार ठरत होत्या. म्हणजे हक्क तिचा आणि पात्रता नवऱ्याची. अखिल भारतीय महिला परिषद, जिचे पहिले अधिवेशन जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात भरले होते, तिने आणि इतर प्रमुख महिला संघटनांनी याविरुद्ध सरसकट प्रौढ मताधिकाराची मागणी लावून धरली होती. प्रौढ मताधिकार देणाऱ्या घटनेतील ३२६ व्या कलमाकडे त्या मागणीची पूर्तता म्हणून पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवृत्त शिक्षिका
कागदावरचा हक्क मतदारयादीपर्यंत कसा पोचला, हेही सांगायला हवे, कारण खरी अडचण तिथेच आली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या तयार करताना अनेक ठिकाणी, विशेषतः बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, आणि तेव्हाच्या मध्य भारत व विंध्य प्रदेश या राज्यांत, परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगण्याची स्त्रियांना सवयच नव्हती. दारात आलेल्या कर्मचाऱ्याला ‘अमक्याची बायको’ किंवा ‘तमक्याची आई’ असे उत्तर मिळे आणि तो तेच लिहून घेई. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत, मतदाराचे स्वतःचे नाव हवे, असा आग्रह धरला. बिहारमध्ये नावे दुरुस्त करून घेण्यासाठी जादा मुदतही देण्यात आली. तरी देशभरातील सुमारे ८ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख जणींची नावे शेवटी वगळावी लागली. निर्णय कठोर होता, तरीही तो योग्यच होता असे मला वाटते, कारण पुढच्या निवडणुकीपर्यंत यादीत आपले नाव आपल्याच नावाने घालण्याची निकड घराघरांत पोचली.

आपल्याकडेही लग्नात तांदळावर नवे नाव लिहिले की शाळेच्या दाखल्यावरचे नाव मागे पडे, आणि माहेरच्या व सासरच्या कागदांवर एकाच बाईची दोन नावे असत. मतदार नोंदणीच्या कामावर असताना हा घोळ मी कित्येक घरांत पाहिला आहे.

वाचनवेडी
सर्वांचे मनापासून आभार. परिणामांविषयीही कोणी लिहावे, ही विनंती.

दप्तरदार
परिणाम शोधताना मतपेटीइतकेच विधिमंडळाकडे पाहावे. स्त्रियांना सभासद होण्याची मुभा मिळाल्यावर डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी १९२७ मध्ये मद्रासच्या विधिमंडळात आल्या. देवदासींना जमिनी मिळत त्या देवळातील सेवेच्या बदल्यात, आणि सेवा सोडली तर जमीन जाई. रेड्डींच्या प्रयत्नांमुळे १९२९ मध्ये कायदा बदलला आणि त्या जमिनी सेवेच्या अटीतून मोकळ्या झाल्या, म्हणजे प्रथा सोडणाऱ्या स्त्रीच्या पोटापाण्याचा प्रश्न आधी सुटला. मुली देवाला वाहण्यावर संपूर्ण बंदी येण्यास १९४७ उजाडले.

मात्र प्रत्येक सुधारणेचे श्रेय मताला देऊ नका. मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ करणारा १९२९ चा सारडा कायदा ज्या मध्यवर्ती विधिमंडळाने केला, त्यात एकही स्त्री नव्हती. तिथे महिला संघटनांचा दबाव आणि संमतिवयाचा प्रश्न तपासणाऱ्या मोरोपंत जोशी समितीचा अहवाल कामी आला.

मतदानाचे म्हणाल, तर १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत स्त्रियांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांपेक्षा सोळा-सतरा अंकांनी कमी होती आणि २०१९ मध्ये ती किंचित पुढे गेली. उमेदवारीत मात्र पक्षांनी हात आखडताच ठेवला आहे: २०२४ मध्ये लोकसभेच्या ५४३ जागांवर ७४ स्त्रिया निवडून आल्या. तुमच्या भाषणाचा उत्तरार्ध या दोन आकड्यांमधल्या तफावतीवर बेतलात, तर मंडळात चर्चा चांगली रंगेल.