सल्ला हवा: आरव्हीची मोटारवाली ऑनिंग वाऱ्यापासून कशी वाचवायची?

वाळवंटी_वाटसरू
नमस्कार मंडळी. आम्ही फिनिक्सला असतो. गेल्या वर्षी एक जुनी क्लास सी आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली मध्यम आकाराची गाडी, घेतली, २९ फुटी. उजव्या अंगाला १६ फुटी ऑनिंग आहे, म्हणजे नळीवर गुंडाळलेलं आणि दोन धातूच्या हातांवर तोललेलं कापडी छत. बटण दाबलं की मोटारीवर बाहेर येते. घरात सगळ्यात जास्त लाड त्या ऑनिंगचे झाले आणि दगाही तिनेच दिला.

नोव्हेंबरात तळ्याकाठी मुक्काम होता. झाडाचं पान हलत नव्हतं. ऑनिंग उघडून, खाली टेबल मांडून आम्ही दोघं वीस मिनिटं पाय मोकळे करायला गेलो. तेवढ्यात कुठूनशी वावटळ आली आणि ऑनिंग उलटून थेट छपरावर. शेजारच्या गाडीतल्या आजोबांनी धावत येऊन दोरी टाकली म्हणून निभावलं. पुढचा हात वाकला, कापड कोपऱ्यात टरकलं. दुरुस्तीवाल्याचा आकडा ऐकून मी आधी खाली बसलो.

आता मार्चअखेर सांगलीहून आई-बाबा येताहेत. डेथ व्हॅलीचं वाळवंट आणि पुढे जमलं तर उटाहमधलं मोॲब असा बेत आहे. दुपारी त्यांना सावली तर हवीच. तर,
- वाऱ्याचा सेन्सर बसवून घ्यावा का?
- कापड हातांना धरून ठेवणारे चिमटे मिळतात, डी-फ्लॅपर म्हणतात ते, त्यांनी काही होतं का?
- नळीवरून पट्टा टाकून जमिनीत खुंट्या ठोकल्या तर?
- किती वारा सुटला की बंद करायची?

तिरकस_तात्या
ऑनिंग बंद ठेवा, छत्री उघडा. हलके घ्या.

निवांत_काकू
तात्या, तुमचा विनोद निम्मा खराच आहे!

वाटसरू, आम्ही दोघं निवृत्तीनंतर सहा वर्षं वर्षातले सात-आठ महिने गाडीतच असतो. एक ऑनिंग आम्हीही घालवली आहे, त्यामुळे अधिकाराने लिहिते. जुन्या, हाताने उघडायच्या ऑनिंगचे पाय गाडीपासून सोडवून जमिनीवर टेकवता यायचे. मोटारवालीचे हात गाडीच्या भिंतीला जडलेले असतात. म्हणजे जे काही ओझं येईल ते भिंतीतल्या चार-सहा स्क्रूंवर. तिच्याकडून मांडवाची अपेक्षा ठेवू नका.

सेन्सर दोन जातींचे. एकाला वाट्या असतात, त्या गरगर फिरतात आणि वेग मोजतात. दुसरा पुढच्या दांडीत बसतो, तो वेग नाही, हादरे ओळखतो. आमच्याकडे हा दुसरा आहे. त्याची संवेदनशीलता वाढवली तर नातू दांडीला लोंबकळला तरी ऑनिंग आत निघते. कमी केली तर वारा काम उरकून गेल्यावर तो जागा होतो. पूर्ण गुंडाळायला अर्धं-पाऊण मिनिट लागतं आणि नुकसान व्हायला दोन सेकंद पुरतात. शिवाय बॅटरीचा मुख्य खटका बंद असेल तर सेन्सरही बंद, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. आणि तुम्ही नसताना ती आपोआप आत येत असेल, तर गाडीचं दार उघडं ठेवून जाऊ नका. दाराच्या कोपऱ्याला घासून कापड फाटतं. बसवा जरूर, पण त्याच्या भरवशावर फिरायला जाऊ नका.

चिमट्यांनी फडफड कमी होते, शिवण जास्त टिकते, रात्री झोप लागते. उलटायची ऑनिंग त्यांनी थांबत नाही.

आमचा नियम साधा आहे. गाडी सोडून जाताना बंद, झोपताना बंद, स्वयंपाकात हात अडकणार असतील तरी बंद.

खुंटी_पक्की
काकूंशी आदरपूर्वक असहमत. मी पाच वर्षं पट्टा वापरतोय. नळीवरून आडवा पट्टा, दोन्ही टोकांना स्प्रिंग, जमिनीत १८ इंची पिळाच्या खुंट्या. ॲरिझोनात भर आकाश निरभ्र असताना मातीची वावटळ येते, तिला अंदाज-बिंदाज काही नसतो. आपण खाली बसलेलो असलो तरी बटणापर्यंत पोचेस्तोवर खेळ आटोपतो. पट्टा असेल तर निदान ऑनिंग छपरावर जात नाही.

निवांत_काकू
तुमच्या गाडीला सेन्सर आहे का?

खुंटी_पक्की
आहे की.

निवांत_काकू
पट्टा लावल्यावर तो बंद करता?

खुंटी_पक्की
...कधी केला नाही.

निवांत_काकू
मग नशीब बलवत्तर आहे तुमचं. सेन्सर आत ओढणार आणि पट्टा बाहेर धरून ठेवणार. त्या भांडणात मोटारीचे दाते तरी जातील नाहीतर हात तरी वाकेल. चिमट्यांचंही तेच, गुंडाळण्याआधी काढावे लागतात. एक काय ते ठरवा: बांधायची असेल तर सेन्सर बंद आणि तुम्ही जागेवर, किंवा सेन्सर चालू आणि ऑनिंग मोकळी.

आकडेमोड
थोडा हिशेब देतो, काकूंचे स्क्रू डोळ्यांसमोर ठेवून वाचा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २० मैलांचा वारा थेट आदळला तर दर चौरस फुटाला साधारण १ पौंड दाब पडतो. ऑनिंग १६ फूट लांब आणि ८ फूट बाहेर धरली तर १२८ चौरस फूट, म्हणजे १३० पौंडांच्या आसपास. ४० मैलांना दुप्पट नव्हे, चौपट: ५२० पौंडांच्या वर. प्रत्यक्षात वारा तिरका येतो, कापड ढिलं असतं, त्यामुळे आकडा कमी-जास्त होणारच. पण १५ला जे ठीक वाटतं ते ३०ला अजिबात ठीक नसतं, ते यामुळे. खुंटी_पक्की यांचा पट्टा हे ओझं नाहीसं करत नाही. ते नळीवर, हातांवर आणि खुंटीवर वाटून देतो, एवढंच. आणि वाळूत ती खुंटी किती धरेल हा वेगळाच प्रश्न.

पाण्याचंही विसरू नका. ऑनिंगवर एक मीटर बाय एक मीटरच्या खोलगटात सरासरी ५ सेंटिमीटर पाणी साचलं तर ५० किलो. पावसात उघडी ठेवायचीच असेल तर एक बाजू खाली उतरवून ठेवा.

मालवणी_मासा
आरव्ही फक्त यूट्यूबवर पाहिली आहे, तरी तोंड घालतो. आमच्या आजोबांची शिडाची होडी होती. वारा वाढला की शीड कमी करायचं, फारच वाढला की उतरवायचं. शीड घट्ट बांधून वाऱ्याशी झुंजायचं, असं ते कधीच करत नसत.

वाळवंटी_वाटसरू
मासा, हे पटलं. तुम्हीही इथे अर्धी उघडून ठेवता का कोणी? म्हणजे शीड कमी केल्यासारखं?

पाना_पकड
पुष्कळ मोटारवाल्या ऑनिंग अर्ध्यावर थांबवता येतात, पण तिथे कापडाला ताण कमी मिळतो आणि फडफड उलट वाढते. आधी आपल्या मॉडेलची पुस्तिका बघा.

दोन गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत. पहिली, नोव्हेंबरच्या अपघातानंतर तुम्ही हात बदललात, पण भिंतीवरचे ब्रॅकेट पाहिलेत का? स्क्रू जरा जरी उपटले असतील तर सीलंट फाटतं आणि पावसाचं पाणी भिंतीच्या आत झिरपतं. वरून काही दिसत नाही, आत लाकूड कुजत राहतं. शिडी लावून एकेक स्क्रू हाताने हलवून बघा, जुनं सीलंट खरवडून नवं भरा.

दुसरी, मोटार मेली तर हाताने कशी गुंडाळायची ते घरीच शिकून घ्या. काहींना ड्रिल लावायची जागा असते, काहींना हँडल. वारा सुटल्यावर पुस्तिका शोधत बसायची वेळ येऊ नये. हातांमध्ये गॅसचे दांडे असतील तर ते सतत बाहेर ढकलत असतात, त्यांचे बोल्ट सहज म्हणून सोडवू नका, तोंडावर येतील. गुंडाळल्यावर दोन्ही हातांभोवती रॅचेटचा पट्टा आवळायचा आणि मगच गाडी हलवायची. मोटारीचा ब्रेक ढिला झाला असेल तर हायवेवर बाजूच्या वाऱ्याने ऑनिंग धावत्या गाडीत उलगडते. पाहिलंय मी, मागून जाताना.

उटाहची_ऊर्मी
वाटसरू, गाडी कशी लावता याने निम्मा प्रश्न सुटतो. इकडे वसंतात दुपारचा वारा बहुतेक पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो. गाडीचं तोंड उत्तरेला करा. मग उजवी बाजू, म्हणजे ऑनिंगची बाजू, पूर्वेला येते. वारा गाडीच्या पाठीवर बसतो. आणि गंमत म्हणजे दुपारनंतर ऑनिंग लागतच नाही. बारा फूट उंच गाडीची सावली मार्चअखेर तीनच्या सुमाराला आठ-नऊ फूट पूर्वेकडे जाते, चारला पंधराएक फूट. वारा नेमका त्याच वेळी वाढतो. सकाळी ऊन ऑनिंगच्या बाजूने येतं आणि वारा पडलेला असतो, तेव्हा खुशाल उघडा. सरळ पुढे शिरायच्या जागा मिळाल्या तर दिशा आपल्या हातात राहत नाही, म्हणून आरक्षण करताना नकाशा बघा.

डेथ व्हॅलीत स्टोव्हपाइप वेल्सचा तळ म्हणजे उघडं खडीचं मैदान आहे, आडोसा नाही. फर्नेस क्रीकच्या तळावर निदान झाडं आहेत.

मोॲबला वादळी ढग दूर दिसला तरी बंद करा. पाऊस आपल्यापर्यंत येत नाही, पण त्याखालून निघालेला गार झोत कित्येक मैल पुढे धावतो.

आकडेमोड
+१. आणि हवामानाच्या इशाऱ्याची वाट बघू नका. नॅशनल वेदर सर्व्हिसची, म्हणजे इथल्या सरकारी हवामान खात्याची, वाऱ्याची ॲडव्हायझरी साधारण ४५ मैलांच्या झोतांना निघते. तोवर ऑनिंगचा निकाल लागलेला असतो. त्यांच्याच साइटवर तासागणिक आलेख असतो, त्यात वाऱ्याची रेघ वेगळी आणि झोतांची वेगळी. झोतांची बघा. मी २० ला बंद करतो, २५ अंदाजात असेल तर उघडतच नाही. वेग मोजायचं यंत्र नसेल तर धूळ आणि कागद उडू लागले की १३ ते १८ मैल समजा, लहान झाडं डोलायला लागली की १९ ते २४. झाडं डोलेपर्यंत थांबू नये.

पुणेकर_गच्चीवाला
विषयांतर: आमच्या गच्चीवर भिंतीला अशीच मोटारवाली ऑनिंग आहे. वळवाच्या पावसात काय करावं?

पाना_पकड
तेच. वळवाचा वारा पावसाच्या आधी येतो. आभाळ काळवंडलं की आत. ओली गुंडाळलीत तर दुसऱ्या दिवशी उघडून वाळवा, नाहीतर बुरशी धरते.

खुंटी_पक्की
काकू, काल सेन्सर चालू ठेवून आणि पट्टा लावून मुद्दाम दांडी हलवून पाहिली. मोटार अशी कण्हली की लगेच बंद केली. पट्टा सोडणार नाही, पण आता सेन्सर बंद केल्याशिवाय लावणार नाही.

वाळवंटी_वाटसरू
सगळ्यांना परत येऊन अहवाल देतो.

ब्रॅकेटचे दोन स्क्रू खरंच ढिले निघाले. पाना_पकड, तुमचे आभार मानावे तेवढे थोडे. सेन्सर बसवला, पट्टा घेतला नाही. फर्नेस क्रीकला जागा मिळाली नाही, स्टोव्हपाइप वेल्सलाच राहिलो, तोंड उत्तरेला करून. सकाळी साडेअकरापर्यंत ऑनिंग, मग बंद. दुपारी आई-बाबा गाडीच्या सावलीत. सावली सरकेल तशी बाबा खुर्ची सरकवत होते.

बाबांनी पहिल्याच दिवशी जुन्या उपरण्याची चिंधी फाडून ऑनिंगच्या हाताला बांधली. चिंधी आडवी झाली की "गुंडाळ रे" अशी हाक. सेन्सर पाच दिवसांत एकदाच चालला, आणि तेव्हाही आई दांडीला टॉवेल वाळत घालत होती.

निवांत_काकू
चिंधी कुठल्या हाताला बांधली, पुढच्या की मागच्या? आमचीही बांधते.

वाळवंटी_वाटसरू
पुढच्या, टोकाकडे. स्वयंपाकाच्या खिडकीतून दिसते. गुंडाळण्याआधी सोडायला मात्र विसरू नका, एकदा आमची नळीत गेली.