बदनामी झाली की तोंड शिवून बसायचं, हे येशूने कुठे शिकवलं?

मोहरीचा_दाणा
काल दिवठणी यांनी लिहिलं: "निंदा झाली तर गप्प राहा. येशू रोमी सुभेदार पिलातापुढे गप्प राहिला. खुलासा देत फिरणारा विश्वासात कच्चा." खाली आमेनची रांग. माझं डोकंच उठलं.

पिलातापुढे गप्प राहिला, मान्य. पण त्याच्या काही तासच आधी याजक हन्नापुढे शिपायाने थोबाडीत मारली, तेव्हा त्याने दुसरा गाल पुढे केला का? सरळ विचारलं, चुकीचं बोललो असेन तर चूक दाखव, नाहीतर मारतोस कशाला? योहान 18:23. आमेनवाल्यांच्या बायबलमधून हे पान फाटलंय का? फिलिप्पै शहरात प्रेषित पौलाला फटके मारून कोठडीत टाकलं आणि सकाळी निरोप आला, गुपचूप निघून जा. तो म्हणाला, मारलंत चारचौघांत, आता स्वतः येऊन बाहेर न्या. त्याने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राची शेवटची चार प्रकरणं तर बहुतेक त्याचा खुलासाच आहे. तोही कच्चा?

माझ्यावर मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पैशांवरून आळ आला होता. हिशोब माझ्याकडे असायचा. आठ महिने "देव बघतोय" म्हणत बसलो. लोकांनी अर्थ काढला, खाल्लेच असणार. त्या आठ महिन्यांत बायकोच्या शेजारी बाकावर कुणी बसत नव्हतं. शेवटी वह्या टेबलावर आपटल्या. वीस मिनिटांत विषय संपला.

दिवठणी
तुमच्याबरोबर झालं ते वाईटच. पण 1 पेत्र 2:23 वाचा. येशूची निंदा होत असता त्याने उलट निंदा केली नाही.

मोहरीचा_दाणा
उलट निंदा करू नका आणि हिशोब दाखवू नका, हे एकच झालं का?

दिवठणी
लाकडं संपली की आग विझते, नीतिसूत्रे 26:20. तुमचा प्रत्येक खुलासा म्हणजे नवं लाकूड.

तिखटमीठ
त्याच अध्यायात चौथी ओळ म्हणते मूर्खाला उत्तर देऊ नको, पाचवी म्हणते दे. घ्या वाटून दोघांत.

मला वेगळंच बोलायचंय. निंदा कुठे शिजते? प्रार्थनेच्या विनंत्यांत. "एका बहिणीसाठी प्रार्थना करा, नाव घेत नाही, घरी जरा कठीण चाललंय, तुम्हाला कळलंच असेल." माझा घटस्फोट माझ्या आईच्या आधी प्रार्थनासाखळीला, म्हणजे विनंत्या एकमेकांना कळवणाऱ्या गटाला, कळला होता.

जुना_वडील
प्रार्थनासाखळीला नावं ठेवू नका, माझी बायपास त्याच प्रार्थनांवर निभावली. आणि मत्तय 18 सगळे विसरलात. आधी एकांतात भेटा, मग एकदोघांना घेऊन जा, मग मंडळीपुढे. हे सोडून महिला सभेत कुजबुज चालते.

तिखटमीठ
वडिलांच्या, म्हणजे मंडळी चालवणाऱ्या ज्येष्ठांच्या, सभेत काय मौनव्रत असतं का?

ओली_माती
एकांतात भेटा! ज्या माणसाने खोलीचं दार लावून त्रास दिला, त्यालाच पुन्हा दार लावून भेटायचं? मी पाळकाबद्दल, म्हणजे पास्टरबद्दल, तक्रार केली तेव्हा अगदी हेच ऐकवलं गेलं. वर "अभिषिक्तांना, देवाने निवडलेल्यांना, हात लावू नका". अहो, स्तोत्र 105 मधले ते अभिषिक्त म्हणजे परक्या देशांत भटकणारे अब्राहाम-इसहाक, आणि दम दिलाय राजांना. इथे सत्ता कुणाकडे होती? पाप करून बसलेल्या दावीद राजाला नाथान संदेष्ट्याने तोंडावर सांगितलं, "तो मनुष्य तूच." त्याला कुणी चहाडखोर म्हटलं नाही. मला म्हटलं.

जुना_वडील
तुमचं प्रकरण मला माहीत नाही. पण दोन-तीन साक्षीदारांशिवाय वडिलाविरुद्ध आरोप घेऊ नये, 1 तीमथ्य 5:19.

ओली_माती
आणि 20? पाप करणाऱ्यांचा दोष सगळ्यांसमोर दाखव. 19 पाठ असणाऱ्या एकालाही 20 पाठ नसतं, गंमत आहे. आम्ही तिघी होतो. तिघींना सांगितलं, हे मंडळीत बोललात तर ती निंदा ठरेल.

मोहरीचा_दाणा
माझ्या वह्यांचा विषय होता हो, पण राहू दे. हा मोठा आहे.

जुना_वडील
तिघी असाल तर ऐकून घ्यायलाच हवं होतं. एवढं मानतो. पण खोट्या तक्रारींनी उद्ध्वस्त झालेले पाळकही मी पाहिलेत.

तिखटमीठ
"एवढं मानतो." घ्या लिहून, वडिलांनी मानलं.

दिवठणी
"कच्चा" हा शब्द मागे घेते. "गप्प राहा" मात्र राहू दे, निदान माझ्यासारख्यांसाठी. मीही एकदा खुलासा द्यायला उभी राहिले होते. स्वतःचं दोन वाक्यांत संपलं, मग समोरचीच्या घरातलं सगळं काढलं. एक शब्द खोटा नव्हता. ती परत मंडळीत आली नाही. ओली_माती, हे तुमच्यासाठी लिहिलेलं नाही.

ओली_माती
कळलं. पण तुमच्यासारख्यांसाठी लिहिलेलं वाचून दाखवतात आमच्यासारख्यांनाच. जुना_वडील, 20 चं काय ते सांगा.

जुना_वडील
सविस्तर उत्तर रविवारनंतर देतो.

ओली_माती
सहा वर्षं रविवारनंतरच चाललंय.